पेशीभित्तिकेतील सेल्युलोज तंतूंची रचना

वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे तंतू कोणत्या दिशेने आणि कोणत्या कोनात बसलेले आहेत, यावर पेशीचा आकार, तिच्या वाढीची दिशा आणि पुढे लाकडाचे बळ अवलंबून असते. कोवळ्या मुळात आणि जुन्या खोडात सेल्युलोज तेच असते. मांडणी मात्र फार वेगळी असते.

ग्लुकोजचे शेकडो ते हजारो रेणू जोडून सेल्युलोजची एक साखळी होते. साखळीतला प्रत्येक घटक शेजारच्या घटकापेक्षा १८० अंशांनी फिरलेला असतो, त्यामुळे ती वेटोळे न घेता सरळ राहते. अशा साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट चिकटल्या की सूक्ष्मतंतू तयार होतो. जमिनीवरील वनस्पतींत तो जेमतेम ३ नॅनोमीटर जाड असतो. त्यात ३६ साखळ्या असाव्यात असे पूर्वी मानत. आता १८ किंवा २४ हा आकडा अधिक पटण्याजोगा वाटतो.

वाढत्या पेशीच्या प्राथमिक भित्तिकेत हे तंतू हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन या इतर दोन कर्बोदकांच्या पाणीदार मिश्रणात रुतलेले असतात. पेशीतल्या पाण्याचा दाब सर्व बाजूंना सारखाच असतो. तंतू कसेही विखुरलेले असते, तर पेशी गोल फुगली असती. लांबट पेशींत ते बहुधा आडवे, पिंपाभोवतीच्या पट्ट्यांसारखे असतात. रुंदी आवळलेली राहते आणि पेशी लांबीतच वाढते. पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतही तंतू पेशीभोवती आडवे असतात. पाणी भरल्यावर या पेशी जाड होण्याऐवजी लांब होतात, बाहेर वाकतात आणि रंध्र उघडते.

तंतूंना दिशा कोण देते, या प्रश्नाचा शोध या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल ग्रीन यांनी नायटेला या शैवालावर कॉल्चिसिन या पेशीविभाजन रोखणाऱ्या औषधाचा प्रयोग केला. त्या औषधाने तंतूंची शिस्त मोडलेली पाहून, पेशीच्या आत नळीसारख्या प्रथिनांची रचना असावी आणि तीच तंतूंना वळण लावत असावी, असे अनुमान त्यांनी १९६२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर या संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपटलालगत (भित्तिकेच्या आतल्या पातळ आवरणालगत) सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्या, दिसल्या, त्याही तंतूंना समांतर! सेल्युलोज बनवणारी प्रथिनसंकुले पेशीपटलात असतात आणि तंतू मागे सोडत पुढे सरकतात. ती सूक्ष्मनलिकांच्या वाटेने जाताना २००६ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीच्या जिवंत पेशींत पाहता आली. तरी हा संबंध पूर्ण बंधनाचा नाही: सूक्ष्मनलिका नष्ट केल्या तरी संकुले सरकत राहतात.

वाढ थांबल्यावर काही पेशींत आतून द्वितीयक भित्तिका चढते. लाकडाच्या पेशींत तिचे एस-१, एस-२ आणि एस-३ असे तीन थर असतात. पहिल्या आणि तिसऱ्या थरांत तंतू बरेचसे आडवे असतात. मधला एस-२ सर्वांत जाड. त्यातले तंतू पेशीच्या अक्षाशी लहान कोन करून सर्पिलाकार चढतात आणि लाकडाचा ताठपणा प्रामुख्याने याच कोनावर ठरतो. कोन लहान तर लाकूड ताठ, मोठा तर लवचीक. खोडाच्या गाभ्याजवळच्या, झाड कोवळे असताना बनलेल्या लाकडात तो मोठा आढळतो. कललेले झाड हाच कोन बदलून स्वतःला सावरते. सूचिपर्णी झाडे कललेल्या खोडाच्या खालच्या बाजूला मोठ्या कोनाचे, ढकलणारे लाकूड घालतात. अनेक रुंदपर्णी झाडे वरच्या बाजूला जवळजवळ उभ्या तंतूंचे, ओढून धरणारे लाकूड घालतात.