तूरिनचे कफन : न्यायवैद्यकीय अभ्यास

इटलीतील तूरिन शहराच्या कॅथीड्रलमध्ये जतन केलेल्या, सुमारे ४.४ मी. लांब व १.१ मी. रुंद लिननच्या वस्त्रावर एका दाढीधारी पुरुषाच्या देहाचा पुढचा व मागचा फिकट ठसा उमटलेला आहे. क्रुसावरून उतरवलेला येशूचा देह याच वस्त्रात गुंडाळला होता, अशी अनेक ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे.

१८९८ मध्ये सेकोंदो पिया यांनी घेतलेल्या छायाचित्राच्या निगेटिव्हमध्ये चेहरा आश्चर्यकारकरीत्या स्पष्ट दिसला आणि वैद्यकांचे लक्ष या ठशाकडे वेधले गेले. फ्रेंच शल्यविशारद प्येर बार्बे यांनी १९३० च्या दशकात, शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या हातांवर खिळे ठोकून पाहिले. तळहात देहाचा भार पेलत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी कफनावर मनगटाशी दिसणारी जखम अस्सल ठरवली. अमेरिकन न्यायवैद्यक फ्रेडरिक झुगिबे यांना मात्र हे मान्य नव्हते.

१९७८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांच्या पथकाने वस्त्राची सलग १२० तास तपासणी केली. डागांतील रक्ताबाबत तज्ज्ञांत फूट पडली : हेलर व ॲडलर यांना ते रक्तच वाटले, तर वॉल्टर मॅक्रोन यांना त्यात लोह ऑक्साइड व हिंगूळ ही रंगद्रव्ये आढळली. १९८८ च्या कार्बन कालमापनाने कापडाचा काळ इ. स. १२६० ते १३९० ठरवला. फ्रान्समधील लिरे येथे हे वस्त्र प्रथम प्रकाशात आले, तोही चौदाव्या शतकाचा मध्य होता.

मात्तेओ बोरिनी व लुईजी गार्लास्केली यांचा २०१८ मधील प्रयोग पद्धतीच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे, कारण त्यात जखमांचे नुसते वर्णन न करता रक्ताच्या ओघळांची दिशा प्रत्यक्ष तपासली गेली. त्यांनी स्वयंसेवकाच्या हातावर रक्त सोडून हाताचा कोन बदलत ओघळ न्याहाळले. कफनातील डाव्या हाताच्या पाठीवरचे दोन आखूड ओघळ बाहू सुमारे ४५ अंशांत असतानाच जुळतात. पुढच्या बाहूवरचे ओघळ मात्र बाहू जवळजवळ उभा असल्याशिवाय जुळत नाहीत. छातीवरील डाग उभ्या माणसाच्या बाबतीत संभवतो, पण त्याच जखमेतून उताण्या प्रेताच्या कमरेमागे वाहिलेले म्हणून दाखवलेले रक्त त्यांना सर्वस्वी अवास्तव वाटले. जिवंत, निरोगी माणसाच्या अखंड त्वचेवरचे ओघळ हे छळ झालेल्या देहाशी कितपत ताडून पाहता येतील, हा यावरील आक्षेप रास्त आहे; तरी हाताच्या दोन कोनांतील तफावत त्याने पुसली जात नाही.

त्याहूनही मूलभूत प्रश्न भूमितीचा आहे. डोक्याभोवती गुंडाळलेले कापड सपाट पसरले की चेहऱ्याचा ठसा रुंद व विद्रूप दिसायला हवा. कफनावरचा चेहरा तसा नाही. म्हणून जखमांचे निदान करण्याआधी हा ठसा देहाच्या स्पर्शाने उमटला का, हे तपासणे आवश्यक ठरते. बार्बे यांनी ते गृहीतच धरले होते.