शिक्रा की पावशा? पट्टे सोडा, चोच आणि पाय बघा
फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे (जगभर चालणारी पक्षीगणना) चार दिवस आले की आमचा पक्षीनिरीक्षकांचा ग्रुप सकाळी साडेसहाला पुण्याच्या वेताळ टेकडीवर हजर असतो, थर्मासमधला चहा, गळ्यात दुर्बीण, आणि दरवर्षी ठरलेलं एक भांडण: दिसला तो शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) की पावशा (कोकिळेच्या कुळातला)? या वेळेलाही झालं. गिरिपुष्पाला गुलाबी बहर आलेला, त्यातून एक राखाडी पक्षी जमिनीलगत सपकन आला आणि वर उठून वडात शिरला, बुलबुल आणि चिरक एकदम ओरडायला लागले. चौघं म्हणाले शिक्रा. मीपण ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायचं अ‍ॅप) शिक्रा टाकून मोकळा झालो. मग तो फांदीवर सरकत सरकत पुढे आला, एक केसाळ सुरवंट उचलला आणि फांदीवर घासत बसला. शिक्रा असले उद्योग करत नाही राव! एंट्री बदलली, पावशा.

आता चूक का होते ते सांगतो. दोघंही साधारण कबुतराएवढे, वरून राखाडी, पोटावर आडवे तांबूस-तपकिरी पट्टे, शेपूट लांब आणि पट्टेदार. उडायची स्टाईलसुद्धा सेम, तीनचार वेळा पंख मारायचे आणि मग तरंगत जायचं. फांदीवर बसला की पावशा शेपटीला असा काही झटका देतो की अगदी शिक्राच वाटतो. म्हणजे नुसते नवशिकेच फसतात असं नाही, बुलबुलसुद्धा फसतात. केंब्रिजच्या संशोधकांनी 2008 साली तिकडच्या कोकिळ कुळातल्या पट्टेरी पक्ष्याचं मॉडेल दाण्याच्या जागेपाशी ठेवून बघितलं होतं, छोटे टिट पक्षी ससाण्याला घाबरावेत तसे त्याला घाबरले, आणि पोटावरचे पट्टे झाकल्यावर भीती कमी झाली. तर मुद्दा हा की पट्टे हाच ज्याचा फसवायचा भाग आहे तो बघून तुम्ही ओळखणार कसं?

त्यामुळे मी पहिल्यांदा चोच बघतो. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच खाली वळलेली, मांस फाडायची आकडी. पावशाची सरळ, बारीकशी, टोकाला जराशी वाकलेली. डोकंही बघा, शिक्र्याच्या कपाळाखाली तो रागीट भाव असतो, नराचे डोळे तर लालभडक. पावशाचा चेहरा त्यामानाने गरीब, डोळ्याभोवती पिवळी कडा, थोडा होल्यासारखा. मग पाय. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, नख्या बघितल्या की कळतं सरडा कसा धरत असेल. पावशाचे पाय आखूड, पिसांत अर्धे लपलेले, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. फोटो झूम करून एवढंच बघितलं तरी निम्मी भांडणं मिटतात, शेपटीवरचे पट्टे रुंद की अरुंद यावर वीस मेसेज पाडायची गरज नाही. अजून एक, शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एक बारीक राखाडी रेघ असते, पण ती दिसायला पक्षी समोरून आणि उजेडात पाहिजे, टेकडीवर सकाळी सातला एवढं नशीब कुठलं.

आवाजाचं म्हणाल तर तिथे गोंधळच नको. शिक्रा तीक्ष्ण "टिटी टिटी" करतो, आणि घरटं बांधायचे हेच दिवस असल्यामुळे आत्ता भरपूर ओरडतो. (कोतवाल पक्षी या आवाजाची नक्कल करून साळुंक्यांना पळवतो आणि त्यांचा किडा लाटतो, तेव्हा नुसत्या आवाजावर शिक्रा लिहायची घाई नको.) पावशा म्हणजे "पेरते व्हा, पेरते व्हा", प्रत्येक वेळी सूर वर, अजून वर, टिपेला गेला की तुटतो आणि परत पहिल्यापासून, उन्हाळा तापला की रात्री दोनलासुद्धा. नवीन मेंबर हा आवाज कोकिळेचा समजतात, पण कोकिळेचं "कुहू" दोन तुकड्यांचं, याचे तीन.

खरी गोची आत्ताची आहे. हिवाळाभर पावशा गप्प असतो, मार्चच्या आसपास गळा मोकळा करायला लागतो. आवाज नाही म्हणजे पावशा नाही असं आपण धरून चालतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतले सगळे राखाडी पट्टेवाले शिक्र्याच्या खात्यात जमा होतात. माझ्या मते आपल्या याद्यांमधे थंडीतला पावशा कमी दिसतो त्याचं एक कारण तो नसतो हे नसून तो बोलत नाही हे आहे.

पिल्लांच्या बाबतीत तर अजून वैताग, दोन्हीकडची पिल्लं वरून तपकिरी आणि छातीवर ठिपके-रेघा. तिथे परत चोच आणि पाय. किंवा पावसाळ्यापर्यंत थांबा. पावशाची मादी सातभाई पक्ष्याच्या घरट्यात निळं अंडं घालून मोकळी होते, पिल्लू सातभाईच वाढवतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे कोणी ग्रुपवर "सातभाई शिक्र्याच्या पिल्लाला भरवतायत!!!" असा व्हिडिओ टाकला तर तो शिक्रा नाही, आणि सातभाईंना ते कोणी सांगायला जाऊ नका.