वारा किती ते नंतर, आधी वारा कुठला ते विचारा

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात हरमलला काईटसर्फिंग शिकवतो, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जायचं. सीझन सुरू झाला की रोज रात्री व्हॉट्सॲपवर एकच स्क्रीनशॉट येतो. विंड ॲपचा, सकाळी ७ च्या रकान्याभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली "सर सकाळी १२ नॉट दाखवतंय, मग तुमची काईटची बॅच दुपारी २ ला का?" काही जण तर विचारतही नाहीत, पुण्याहून रात्रभर गाडी हाणून सकाळी साडेसातला हरमलच्या किनाऱ्यावर हजर, डोळे लाल, आणि आम्ही अजून चहा पण घेतलेला नसतो. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून काढलंय. बुकिंग केलंत की हे वाचून मगच निघा.

तर तो सकाळचा १२ नॉटचा वारा (नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) खरा असतो, ॲप खोटं बोलत नाही. फक्त तो आपल्या कामाचा नाही. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, दोन मार्कांना यायचे, तेच हे. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र तसा होत नाही, मग वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते, तो खारा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे मतलई पूर्वेचा आणि पाठीमागून येणारा, खारा समोरून येणारा. पूर्वीचे शिडाच्या होड्यांवाले पहाटे मतलईवर बाहेर जायचे आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचे. त्यांच्याकडे शीड होतं, वल्हं होतं आणि जायचंच होतं बाहेर. तुम्हाला जायचं नाहीये, निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

आता जिथे सगळे चुकतात ते. ॲपमध्ये 'ईस्ट' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं पूर्वेकडे चाललाय, म्हणजे समुद्रावरून किनाऱ्याकडे, म्हणजे सेफ. बरोब्बर उलटं. वाऱ्याला नाव तो जिथून येतो तिथलं असतं, पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडून आलेला. समुद्रातल्या प्रवाहाचं मात्र तो जिकडे जातो त्या दिशेवरून सांगतात, त्यामुळे जो माणूस दोन्ही वाचतो त्याचा गोंधळ होणारच, त्याला मी दोष देत नाही. त्यात बऱ्याच ॲपमधला बाण वारा जिकडे जातो तिकडे टोक करून असतो, म्हणजे अक्षर एक सांगतं आणि बाण दुसरीकडे बघतो. साधा उपाय, किनाऱ्यावर उभं राहून कोरडी वाळू मूठभर घ्या आणि कमरेएवढ्या उंचीवरून हळू सोडा. वाळू पाण्याकडे उडाली तर काईट बॅगेतच राहू द्या.

मागे एकदा जानेवारीत एक गिऱ्हाईक, स्वतःचा १२ चौरस मीटरचा काईट घेऊन आलेलं, मी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांशी बोलत होतो तेवढ्यात याने पंप मारून काईट उडवला पण. पाणी आरशासारखं सपाट, ते बघून त्याला वाटलं किती छान. सपाट का असतं तर वारा जमिनीवरून येतोय, किनाऱ्याजवळ लाट उठायला त्याला जागाच मिळालेली नसते. आणि माडांच्या आडून येतो म्हणून काठावर तुटक तुटक लागतो, जसजसं आत जाल तसा वाढत जातो. हा पठ्ठ्या काठावर धडपडला, आत गेल्यावर जोर आला, मग मध्येच झुळूक बसली आणि काईट पाण्यात पडला. परत उठेना. आणि वारा त्याला हळूहळू बाहेर नेतोय. ओळखीच्या मासेमारी होडीने आणलं ओढून, माणूस धड, दोऱ्यांचा मात्र गुंता असा झाला की आमची दोन पोरं जेवणापर्यंत तोच सोडवत बसली, आणि दुपारी खारा सुटला तेव्हा ज्यांची बॅच होती ते काठावर बसून बघतायत. वेळ जातो तो असा, दुसऱ्याचा. त्या दिवसापासून आमचा नियम आहे, दुपारचा वारा लागेपर्यंत आमच्या जागेवरून कोणाचाही मोठा काईट उडणार नाही, स्वतःचा असला तरी. यावर वाद घालणारे भेटतात, घालू देत. शिवाय सकाळी रापणीची माणसं तिथे काम करत असतात, त्यांच्या पायात २० मीटरच्या दोऱ्या पसरणं बरं पण दिसत नाही.

कोणी म्हणतं की तुम्ही देशी लोक नावात अडकता, फॉरेनला सगळं नॉटमध्ये बोलतात. अहो तिथे तर आपल्यापेक्षा जास्त नावं! स्पेनमध्ये तारिफा म्हणून गाव आहे, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, काईटवाल्यांची पंढरीच म्हणा. तिथे आधी विचारतात लेवांते आहे की पोनिएंते. लेवांते पूर्वेचा, दांडगा आणि झटके देणारा, त्यांच्या अटलांटिककडच्या किनाऱ्यांवर तो समुद्राकडे ढकलतो, आपल्या मतलईचा मोठा भाऊ. पोनिएंते पश्चिमेचा, समुद्रावरून येणारा. इटलीत गार्दा तलावावर पहाटे उत्तरेचा पेलेर आणि दुपारी दक्षिणेचा ओरा, नाव घेतलं की किती वाजता पाण्यात उतरायचं हे ठरलंच. ऑस्ट्रेलियात पर्थकडे उन्हाळ्यात दुपारी येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, उकाड्यावर औषध म्हणून. नुसता आकडा सांगून एवढं कुठे कळतं? आपल्याकडे दोन चांगले शब्द आयते आहेत, तेच वापरा, मेसेज करताना "उद्या खारा कितीला लागेल?" असं विचारलंत तर मी पण खूश होऊन लवकर उत्तर देतो.

आता तो कितीला लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल आमचा खरा सीझन, साधारण १२-१ ला लागतो, ३ ते ५ भरात असतो, सूर्य बुडता बुडता पडतो. मधे ११ च्या आसपास एक वेळ अशी येते की मतलई संपलेला आणि खारा यायचाय, झावळी हलत नाही, झेंडा काठीला चिकटलेला, घामाच्या धारा, आणि नेमके तेव्हाच लोक फोन करून रिफंड मागतात. थांबा जरा. लांब पाण्यावर एक काळपट रेघ दिसायला लागते, ती काठाकडे सरकत येते, ती पोचली की अर्ध्या तासात काईट वर. दुपार चढते तसा तो वायव्येकडे वळतो, म्हणजे समुद्राकडे तोंड केलंत तर उजव्या हाताने तिरका येणारा. शिकायला हाच उत्तम, काही चुकलं तरी तो तुम्हाला फिरवून काठावरच आणून टाकतो. डिसेंबर-जानेवारीत खारा उशिरा आणि अंगचोर, मतलई मात्र जोरात, म्हणून त्या दिवसांत बिगिनर बॅच आम्ही कमी घेतो, पैसे मिळत असले तरी. मे संपता संपता समुद्र खवळायला लागतो, जून ते सप्टेंबर बंद.

ॲपवर दुपारचे ८ नॉट बघून कॅन्सल पण करू नका. ॲपला आकडे देणाऱ्या जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन १३ किलोमीटरच्या आसपास, त्यात अर्धा समुद्र अर्धी जमीन, खारा वारा त्याला नीट सापडत नाही आणि प्रत्यक्षात १२-१४ लागतो. हा फरक छोटा वाटतो पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चे १४ झाले की जोर जवळजवळ दुप्पट. शिकणाऱ्याला १२ ते १८ नॉट लागतात, हिशोब करा.

सकाळ मात्र फुकट जात नाही. छोट्या ट्रेनर काईटवर वाळूत हात बसवतो (हलक्या वाऱ्यात आणि आमच्या नजरेसमोर, त्यावर माणूस उचलला जात नाही), दोऱ्या मांडणं, सेफ्टी सोडणं (अडचणीत काईटचा जोर झटक्यात काढून टाकणं), हे सगळं कोर्समध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत. पाणी सपाट असतं म्हणून पॅडल बोर्डही देतो, काठाला धरून. एक दिवसाचं बुकिंग शक्यतो करू नका, तीन दिवसांचं करा, आमचा धंदा म्हणून सांगत नाही, म्हणजे धंदा आहेच, पण पहिल्या दिवशी वारा नाही लागला तर एका दिवसावाला हात हलवत जातो. वारा न लागल्यास तो दिवस त्याच सीझनमध्ये पुढे लावून देतो, पैसे परत नाही. वाऱ्याची गॅरंटी देणारा कोणी भेटला तर मला पण नंबर द्या.

आणि रात्रीचा आंबोली घाट उगाच पळवत येऊ नका. आरामात या, सावंतवाडीत नाश्ता करा, १२ पर्यंत पोचलात तरी लवकरच आलात असं समजा.