हलकं होत जाणारं अंडं

कोंबडीची अंडी उबवायला ठेवण्याआधी प्रत्येकाचं वजन करा आणि पेन्सिलीने कवचावरच लिहून ठेवा. ६० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी काट्यावर ठेवलंत तर ते साधारण ५३ ग्रॅम भरेल. आत हाडं, चोच, पिसं तयार होत आली आहेत आणि अंडं मात्र हलकं झालेलं आहे. हे का होतं ते एकदा कळलं की घरच्या उबवणीतल्या निम्म्या चुका टळतात, असं माझं ठाम मत आहे.

कमी झालेले ते सात ग्रॅम म्हणजे पाणी. कवच वरून गुळगुळीत दिसतं, पण त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि अंडं त्यांतून अखंड श्वास घेत असतं. उबवणीच्या २१ दिवसांत एक अंडं सुमारे ६ लिटर ऑक्सिजन आत घेतं, तर साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर सोडतं. या काळात पिल्लाची फुप्फुसं काहीच काम करत नसतात. कवचाच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं पसरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं छिद्रांतून आलेला ऑक्सिजन उचलतं. गेलेल्या पाण्याची जागा हवा घेते. ती बोथट टोकाशी, दोन पापुद्र्यांच्या मध्ये साठत जाते. उकडलेलं अंडं सोलताना त्या टोकाला जो खळगा दिसतो, तो याच पोकळीचा. पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास या पोकळीत घेतं, म्हणून ती पुरेशी मोठी झालीच पाहिजे. उबवणी यंत्रात (इन्क्युबेटरमध्ये) फार ओल ठेवली तर पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटच्या दिवशी आतच गुदमरतं. हवा फार कोरडी असेल तर पिल्लू अशक्त होतं आणि पापुद्र्याला चिकटून बसतं. पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि त्यानंतर ६५ ते ७० टक्के, हे गणित त्यासाठी आहे.

घरी उबवणाऱ्या बहुतेकांचं सगळं लक्ष तापमानाकडे असतं. ते चुकीचं नाही. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस पाहिजे. बिनपंख्याच्या यंत्रात वरची हवा जास्त गरम असते, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला ३८.५ अंशांच्या जवळपास ठेवतात. मात्र यंत्रावरचा आकडा खरा धरू नका. आत दुसरा, खात्रीचा थर्मामीटर ठेवा आणि अंडी घालण्याआधी यंत्र एक दिवस रिकामं चालवून पाहा. थोडा वेळ वीज गेली तर धीर सोडू नका. खुडूक कोंबडीसुद्धा रोज थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते, तेवढा गारवा गर्भ सोसतो. जास्तीची उष्णता मात्र सोसत नाही. काही तास ४० अंशांच्या वर गेलं तर सगळी खेप हातची जाऊ शकते.

कोंबडी रोज फार तर एक अंडं घालते. मग दहा-बारा दिवसांत जमलेली सगळी अंडी एकाच दिवशी कशी फुटतात? अंडं तयार व्हायला कोंबडीच्या पोटात २४ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. कोंबड्याचा संग झालेला असेल तर त्या उबेतच गर्भाची वाढ सुरू होते आणि अंडं बाहेर येतं तेव्हा बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी असतात. बाहेर गारवा लागला की ही वाढ थांबते. गर्भ मरत नाही, वाट पाहतो. कोंबडी अंड्यांवर बसली की सगळ्यांची वाढ एकदम सुरू होते. उबवायची अंडी आपण आठवडाभर थंड खोलीत, निमुळतं टोक खाली करून ठेवू शकतो ती यामुळेच. फ्रिजमध्ये नको. ती धुऊही नका, कारण छिद्रांवर जंतूंना अडवणारा नैसर्गिक थर असतो, तो पाण्याने जातो.

एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल अशी खूण करून अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची. विषम संख्या अशासाठी, की रात्रीच्या लांब वेळेत रोज तीच बाजू वर राहू नये. अंडं न हलवता ठेवलं तर बलक वर तरंगतो आणि त्यावरचा गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री खोलीत अंधार करा आणि अंड्याच्या बोथट टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा. नारिंगी उजेडात मध्ये एक काळपट ठिपका आणि त्यातून सगळीकडे पसरलेल्या तांबड्या रेषा दिसतील. हुबेहूब कोळी. हृदय दुसऱ्या दिवशीच धडधडायला लागलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी अंडी फोडून आतल्या वाढीचं वर्णन केलं आणि पांढऱ्यात हलणाऱ्या लाल ठिपक्याची नोंद केली. आपल्याला अंडं फोडावंही लागत नाही. रेषांऐवजी फक्त रक्ताचं कडं दिसलं तर तो गर्भ मेलेला आहे. काहीच दिसलं नाही तर अंडं बहुधा फळलेलंच नाही. शंका असेल तर अंडं परत ठेवून तीन दिवसांनी पाहा. मेलेलं अंडं मात्र वेळेत काढा. ते सडून फुटलं तर बाकीच्यांना जंतू लागतात.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत, ओल वाढवायची आणि झाकण बंद. आत पिल्लू आता वळून हवेच्या पोकळीकडे तोंड करतं. ऑक्सिजनची गरज वाढलेली असते आणि छिद्रं तेवढीच असतात. गुदमर वाढला की ते आतला पापुद्रा चोचीने भेदतं आणि पोकळीतली हवा फुप्फुसात घेतं. आता यंत्राशी कान नेला तर अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते. चोचीच्या टोकावर एक बारीक टणक काटा असतो आणि मानेमागे या कामापुरताच फुगलेला एक स्नायू. त्यांच्या जोरावर कवचाला बाहेरून चांदणीसारखी पहिली चीर पडते. हाडं बनवायला पिल्लाने कवचातलंच कॅल्शियम घेतलेलं असतं, त्यामुळे कवच आतून आधीच कमकुवत झालेलं असतं.

त्यानंतर तासन्‌तास काहीच घडत नाही. हा वेळ माणसाला सोसवत नाही. दुसऱ्या खेपेला मलाही सोसवला नाही. चीर पडून दहा तास झाले होते, फटीत चोच उघडझाप करत होती. मी झाकण काढलं आणि चिमट्याने कवचाचा तुकडा उचलला. पापुद्र्यावर रक्ताचा थेंब आला, मग धार. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. शेजारच्या दोन अंड्यांचे पापुद्रे तेवढ्या वेळात कोरडे पडून चामड्यासारखे झाले, तीही अडकली. त्या शांत तासांत पिल्लू अस्तरातलं रक्त शरीरात ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. पहिल्या चिरेपासून बाहेर पडेपर्यंत १२ ते २४ तास लागतात. तेवढे त्याला द्या.

बाहेर आलेलं ओलं पिल्लू यंत्रातच सुकू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं, त्यामुळे खाऊ घालायची घाई नाही. अधूनमधून ते मान टाकून एकदम आडवं होतं. घाबरू नका, झोपलेलं असतं. पूर्ण सुकल्यावर वजन केलंत तर ते अंड्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ४० ग्रॅमच्या जवळपास भरेल.

मऊ लवेत पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंश ठेवा आणि दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवा. खरा थर्मामीटर म्हणजे पिल्लंच. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर गरम होतंय, सगळीकडे विखुरली असतील तर ठीक. अंथरायला तूस किंवा लाकडाचा भुसा घ्या. नुसत्या वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि मग सरळ होणं अवघड जातं. पाणी उथळ भांड्यात, गोटे टाकून द्या, नाहीतर पिल्लं बुडतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लावली की बाकीची वाट त्यांना सापडते. शेपटाखाली विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याने पुसा, कारण तिथली वाट बंद झाली तर पिल्लू मरतं. खाद्य पिल्लांसाठीचंच द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातलं जादा कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं खराब करतं. तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठेत रक्त दिसलं तर ती बहुधा रक्ती हगवण. ओल्या अंथरणात ती झपाट्याने पसरते, तेव्हा लगेच पशुवैद्याला दाखवा. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुणं मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवा.

आणि एक गोष्ट अंडी ठेवण्याआधीच ठरवा. निघणाऱ्या पिल्लांत जवळजवळ निम्मे कोंबडे असतात. तलंगा सगळ्यांना हव्या असतात, आरवणाऱ्या कोंबड्यांचं काय करायचं ते आधी ठरलेलं असावं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंगावर पूर्ण पिसं येतात. पहिल्यांदा दिवा बंद कराल त्या रात्री थोडा वेळ जवळ बसून ऐका. तीव्र, तुटक चिवचिव सुरूच राहिली तर दिवा परत लावा, अजून दोन-चार दिवस जाऊ द्या. हळू किलबिल होत होत आवाज थांबला तर त्यांना झोप लागली आहे.