कारखाना-वास्तूंचा पुनर्वापर (बेळगाव सीमाभाग)

उत्पादन थांबलेल्या किंवा जुन्या पद्धतीने परवडेनाशा झालेल्या कारखान्याची इमारत, यंत्रांचे पाये, वीज-पाण्याच्या जोडण्या व आवार पाडून न टाकता दुसऱ्या कामाला लावणे. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी व गोकाक या तालुक्यांपुरती आहे.

या विषयावरील लेखन बहुतेक मुंबईच्या गिरण्यांभोवती फिरते. तेथे जमिनीचा भाव इतका चढला की इमारत पाडणेच फायद्याचे ठरले. बेळगावकडे हिशेब उलटा आहे. जागा त्या मानाने स्वस्त. महाग आहेत ती उच्चदाब वीजजोडणी, क्रेन पेलणारे खांब, नदीतून वा बोअरमधून पाणी घेण्याची परवानगी आणि मालाचा ट्रक आत वळेल असा रस्ता. त्यामुळे गिरणीचे मॉल होणे हा प्रकार येथे क्वचितच दिसतो. तोच धंदा नव्या प्रक्रियेने चालवणे किंवा त्याच सांगाड्यात त्याच्याशी मिळताजुळता धंदा आणणे हाच मुख्य प्रवाह आहे. पुनर्वापराची व्याख्या करताना काही लेखक तोच धंदा नव्या प्रक्रियेने चालवण्याचा प्रकार 'आधुनिकीकरण' म्हणून वगळतात. या भागापुरते पाहता तो वगळला तर नोंद करण्याजोगे फारसे उरत नाही.

गोकाकची जलशक्ती आणि १८८७ चा वाद : घटप्रभेच्या धबधब्यावरील (उंची सु. ५२ मी.) कापडगिरणी हा या भागातील सर्वांत जुना मोठा कारखाना. गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची स्थापना १८८५ च्या सुमारास व गिरणीचा आरंभ १८८७ च्या सुमारास मानतात. 'भारतातील पहिली वीज गोकाकला १८८७ मध्ये निर्माण झाली' हे विधान पर्यटन-पुस्तिकांपासून शालेय वाचनापर्यंत सर्वत्र आढळते. वीजक्षेत्राच्या इतिहासात मात्र पहिल्या जलविद्युत केंद्राचा मान दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला (१८९७) दिला जातो. मोठ्या प्रमाणावरील व दूरवर वाहून नेलेल्या जलविजेची सुरुवात कावेरीवरील शिवनसमुद्र येथून (१९०२) धरतात.

दोन्ही पक्षांत 'जलशक्ती' आणि 'जलविद्युत' यांची गल्लत होताना दिसते. कंपनीच्या नावात 'वॉटर पॉवर' आहे, वीज नाही. त्या काळी टर्बाइनची गती शाफ्ट, पट्टे किंवा दोर यांनी थेट गिरणीच्या मुख्य शाफ्टला देण्याची पद्धत जगभर रूढ होती. उलटपक्षी, गिरणीतील यंत्रे चालवू शकेल अशा प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटरचे टेस्लाचे पेटंट १८८८ चे आहे. म्हणजे १८८७ मध्ये चात्या विजेवर फिरत होत्या हे संभवत नाही. एखाद्या डायनॅमोवर दिवे लागले असणे शक्य आहे, कारण गिरण्यांत अशी दिवाबत्ती त्या दशकात होऊ लागली होती. तेव्हा १८८७ हे वर्ष पाण्याच्या यांत्रिक शक्तीचे, आणि यंत्रे विजेवर येणे नंतरचे, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते. याच अर्थाने गोकाकची गिरणी पुनर्वापराचेही आद्य उदाहरण ठरते : धबधब्याचा तोच उतार आणि तेच पाणी आधी शाफ्टसाठी, मग विजेसाठी कामी आले.

अशा ठिकाणी इमारतीपेक्षा उताराची किंमत जास्त असते. ५० मी. प्रभावी उताराने सेकंदाला १ घनमीटर पाणी सोडले व टर्बाइन-जनित्राची मिळून कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सु. ३९० किलोवॉट मिळतात. अडचण सातत्याची आहे. धबधबा जून ते सप्टेंबर भरून वाहतो, पुढे वरच्या हिडकल धरणातून व धुपदाळ बंधाऱ्यातून काय सुटते त्यावर सारे अवलंबून. जुने टर्बाइनघर पुन्हा चालू करताना पहिली तपासणी जनित्राची नव्हे, पाणी टर्बाइनपर्यंत आणणाऱ्या पोलादी नळाची करतात : दर काही मीटरवर अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात, विशेषतः तळाच्या बाजूला, जिथे गाळ घासून पत्रा पातळ झालेला असतो.

फौंड्रीचे गाळे : बेळगावातील उद्यमबाग व लगतच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे अनेक जुने कारखाने आहेत. कोक जाळणारी क्युपोला भट्टी काढून इंडक्शन भट्टी (कॉइलमधून वीज सोडून धातू वितळवणारी) बसवणे किंवा ओतकाम पूर्ण बंद करून गाळा मशीनिंगला (यंत्रावर धातूचे भाग कापून घडवण्याला) देणे, असे दोन मार्ग दिसतात.

पहिल्या मार्गात विजेचा हिशेब आधी करावा लागतो. बीड वितळवण्यास टनामागे सु. ५५० ते ६५० युनिट लागतात. अर्धा टनाच्या भट्टीला साधारण ३०० ते ३५० किलोवॉटचा पुरवठा हवा, म्हणजे ११ केव्हीची जोडणी व स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आला. क्युपोलाच्या काळातील लघुदाब जोडणी येथे निरुपयोगी. भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारे पाणी मृदू लागते. बोअरचे जड पाणी तसेच वापरले तर नळ्यांत क्षार बसून कॉइल जळते. वीज गेली तरी पाणी वाहत राहावे म्हणून उंचावर टाकी ठेवतात. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भट्टीखालचा खड्डा. बेळगावच्या पावसाळ्यात जुन्या गाळ्यांच्या जमिनीतून पाणी झिरपते. अस्तर फुटून रस खाली आला आणि खड्ड्यात पाणी असले, तर वाफेचा स्फोट होतो. म्हणून खड्ड्याला जलरोधक काँक्रीट आणि खड्ड्याबाहेर वेगळा पाणउपसा, दोन्ही हवेत.

दुसऱ्या मार्गात घात करते ती जमीन. फौंड्रीच्या तळात मोल्डिंगचे जुने खड्डे असतात, ते वर्षानुवर्षे काळ्या जळक्या वाळूने भरलेले. वरून कोबा केलेला असल्याने ते दिसत नाहीत. त्यावर सीएनसी (संगणकाने चालणारे) यंत्र बसवले की पहिले काही महिने सारे ठीक चालते, मग लेव्हल सुटते, जॉबला टेपर येतो (घडवलेला भाग एका टोकाला निमुळता होतो) आणि दोष यंत्राला दिला जातो. खरा दोष खाली दबत चाललेल्या वाळूचा. उपाय खर्चिक पण सरळ आहे. काळी वाळू घट्ट मुरूम लागेपर्यंत उपसायची. १५० मिमी.च्या थरांनी मुरूम भरून प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा. त्यावर १०० मिमी. साधे काँक्रीट, मग २०० ते २५० मिमी. जाडीचे सळईचे काँक्रीट घालायचे. यंत्राचा पाया सभोवतालच्या फरशीपासून सु. २५ मिमी.च्या फटीने अलग ठेवतात, म्हणजे शेजारच्या प्रेसचा धक्का यंत्रापर्यंत पोचत नाही. उपसलेली वाळू रेझिन बांधकाची असेल तर ती भरावाला फुकट देऊन टाकू नये. त्यात फिनॉलचे अंश असू शकतात, आधी तपासून घ्यावी.

मशीनशॉपची जुनी फरशी तेल प्यायलेली असते. पाण्याचे थेंब टाकावेत. ते मुरण्याऐवजी मोत्यासारखे उभे राहिले तर तेल वरच आहे, आणि त्यावर केलेला इपॉक्सीचा थर पापुद्र्यांनी सुटणार. ओल पाहण्यासाठी हातभर चौरस प्लॅस्टिकचा कागद कडा चिकटवून एक दिवस ठेवतात. खाली दव जमले तर इपॉक्सी नको.

छप्पर : जुन्या शेडवर बहुधा 'सिमेंटचे पत्रे' म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतात. ते फोडून खाली टाकण्याची सवय घातक आहे, कारण तंतू हवेत सुटतात. पत्रे ओले करून, जे-हूकचे नट उलगडून किंवा गंजले असल्यास हूक कापून, अखंड उतरवतात व जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे देतात.

त्यांच्या जागी अर्ध्या मिमी.चे रंगीत लोखंडी पत्रे घालतात, आणि येथे एक चूक वारंवार होते. सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला सु. १५ किलो व त्याहून जड, लोखंडी पत्रा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. भार कमी झाला म्हणून मालक निश्चिंत होतो. पण हलके छप्पर वारा उचलू पाहतो. कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) खांबाला धरणारे बोल्ट जुन्या वजनावर विसंबून नावालाच घट्ट असतील, तर वळवाच्या वादळात कैचीसकट छप्पर सरकते. बोल्ट बदलणे, कैच्यांना आडवे ब्रेसिंग देणे हे पत्र्याच्या आधीचे काम. वर सौर पॅनेल घ्यायचे असल्यास चौरस मीटरला आणखी १२ ते १५ किलो धरून कैची व पर्लिन (पत्रे पेलणारे आडवे वासे) पुन्हा तपासतात. क्रेन ठेवायची असेल तर गॅन्ट्रीच्या (क्रेन ज्यावर सरकते त्या) रुळांची समांतरता मोजून नंतर नोंदीव क्षमतेच्या १२५ टक्के भाराने चाचणी घेतात.

साखर व अ‍ॅल्युमिना : उगार खुर्दच्या कारखान्याची कंपनी १९३९ ची, संकेश्वरचा हिरण्यकेशी कारखाना सहकारी क्षेत्रातला. साखर कारखान्याचा पुनर्वापर म्हणजे प्रायः गाळपानंतरच्या रिकाम्या महिन्यांत आसवनी (मळीपासून अल्कोहोल) व सहवीजनिर्मिती (बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून वाफेबरोबर वीज) चालवणे. जुने बॉयलर सु. १४ ते २१ किलो/चौसेंमी. दाबाचे असत, विकण्याइतकी वीज हवी तर ६७ किंवा ८७ किलो दाबाचा बॉयलर लागतो, तेव्हा जुना बॉयलर भंगारातच जातो, पण बगॅसचे यार्ड, पाण्याची टाकी, काटा व गोदाम कामी येतात. शेवटच्या (सी) मळीच्या टनाला सु. २२० ते २३०, तर बी-हेवी (त्याआधीच्या टप्प्यातील, साखर जास्त उरलेल्या) मळीच्या टनाला सु. ३०० लिटर अल्कोहोल मिळते. दर लिटरमागे ८ ते १२ लिटर सांडपाणी निघते. ते आटवण्याची सोय जागेत बसत नसेल तर आसवनीचा विचारच करू नये. अथणी-कागवाडच्या काळ्या जमिनीत पाया उन्हाळ्यात मोजून पावसाळ्यात हलतो, म्हणून नव्या टाक्यांखाली भेगाळणारी काळी माती काढून मुरूम भरतात.

बेळगावचा अ‍ॅल्युमिना कारखाना इंडालने (इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीने) १९६९ मध्ये सुरू केला; पुढे तो हिंडाल्कोकडे आला. बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडीकडून येत असे. येथे धातू गाळणारा विभागही होता, तो विजेच्या प्रश्नामुळे बंद पडला. अ‍ॅल्युमिना शुद्ध करण्यास मुख्यतः वाफ लागते, त्यापासून धातू काढण्यास मात्र टनामागे १३ ते १४ हजार युनिट वीज. टंचाईच्या काळात कोणता अर्धा टिकेल हे त्यातच ठरलेले होते. उरलेला अर्धा चिनीमाती, रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या उष्णतारोधक विटा), पॉलिश यांना लागणाऱ्या विशेष अ‍ॅल्युमिनाकडे वळला. उरणारा तांबडा गाळ सिमेंट कारखान्यांना देण्याचाही उपयोग रूढ झाला आहे.

परवानग्या : वापर बदलला की कारखाने खात्याकडून नवा आराखडा, प्रदूषण मंडळाची नवी संमती व नियोजन प्राधिकरणाची भूवापर मंजुरी लागते. जागा औद्योगिक मंडळाच्या भाडेपट्ट्याची असल्यास पट्ट्यात लिहिलेला हेतू आधी वाचावा. हेतूबाहेरचा धंदा सुरू केल्यावर परवानगी मागणे महागात पडते.

वखारी व कौलभट्ट्या : निपाणीच्या तंबाखूच्या वखारी जाड भिंतींच्या व कोरड्या असल्याने साठवणीस उत्तम, पण लाकडात मुरलेला वास चुन्याने जात नाही. गूळ, पीठ, चहा तो ओढून घेतात. लोखंडी सामान वा फर्निचर ठेवावे, किंवा फळ्या बदलाव्यात. वडगाव-खासबागच्या यंत्रमाग शेडची जमीन माग हादरे देत चालल्याने दबलेली असते; शिवणकाम, भरतकामाला ती थेट चालते. खानापूरची माती कौलांना चांगली. तेथेच खादी-ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे. कौलभट्टीची विटांची कमान वर्षानुवर्षे आच बंद राहिली की पावसात ओली होते. ती एकदम पेटवली तर तडकते. आधी तीन-चार दिवस मंद धुराने वाळवून मगच आच वाढवतात.