एका काडतुसाची दोन घरं : रिव्हॉल्व्हरला जोडीची पॉइंट टू-टू रायफल

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवलं. एकीच्या तळहातात मावणारं पिस्तूल, दुसऱ्याच्या खांद्याला लांब नळीची रायफल. पण दोन्हींत जाणारं काडतूस एकच : .22 लाँग रायफल. नावात रायफल असली तरी हे काडतुसाचं नाव, आणि .22 हे इंचातलं माप. नेमबाजांच्या बोलण्यात पॉइंट टू-टू. वय 1887 पासून मोजायचं.

अमेरिकेत हाच मामला घरगुती पातळीवर चालतो. एखाद्याकडे .22 चं रिव्हॉल्व्हर असतं, बरेचदा आजोबांचं, आणि त्याला जोडीची रायफल हवी असते. दोन्हींना एकाच खोक्यातली काडतुसं चालावीत, एवढीच अपेक्षा. मग लिव्हरची (चापाजवळची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची) घ्यावी, पंपाची (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढायची), बोल्टची (मागचा खटका हातानं ओढायचा) की सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी), यावर तासन् तास चर्चा. या चर्चेत जे नियम आज ठोकळेबाज वाटतात, त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या तरी कारखान्यातल्या जुन्या अडचणीतून आलेला आहे.

सुरुवात पॅरिसमधली. 1845 च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककारानं आघाताच्या टोपीत, म्हणजे स्फोटक भरलेल्या इवल्याशा पितळी टोपीत, थेट छर्राच बसवला. दारू नाहीच, टोपीतल्या स्फोटकाचा जोर पुरेसा. दिवाणखान्यात बसून निशाणबाजी करायची हौस भागवणारं हे खेळणं होतं. अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ती कल्पना उचलली, टोपीची नळकांडी लांबवली, त्यात 4 ग्रेन काळी दारू आणि 29 ग्रेनची गोळी घातली. ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. 1857 साली या काडतुसासह त्यांचं सात गोळ्यांचं मॉडेल वन रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. ते काडतूस म्हणजे आजचं .22 शॉर्ट. थोडक्यात, रायफलला जोडीदार म्हणून रिव्हॉल्व्हर आलं नाही. काडतूस जन्मलं रिव्हॉल्व्हरसाठी. रायफल मागाहून घरात आली.

यात एक कोर्टकज्जाही आहे. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाला, आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायचं, याचं पेटंट 3 एप्रिल 1855 ला रोलिन व्हाइट यानं घेतलं होतं. हा पूर्वी कोल्टच्या कारखान्यात काम केलेला माणूस. स्मिथ आणि वेसननं प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे 25 सेंट देण्याचा करार केला, पण पेटंटसाठी भांडायची जबाबदारी व्हाइटच्याच गळ्यात घातली. मिळालेल्या पैशातला मोठा हिस्सा वकिलांच्या घरी गेला. 1869 मध्ये पेटंट संपलं. व्हाइटला दिलासा देणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसनं मंजूरही केलं, तर जानेवारी 1870 मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. करार कुणी लिहिला याला किती महत्त्व असतं, हे इथं दिसतं.

आता या काडतुसाची रचना. त्याच्या बुडाला बाहेर आलेली पोकळ कड असते. स्फोटक मसाला ओला असताना काडतूस गरगर फिरवून तो या कडेच्या आत पसरवतात. चाप ओढला की बंदुकीची पिन त्या कडेला चेमटवते आणि मसाला पेटतो. म्हणून रिमफायर. यात फायदा असा की वेगळी टोपी बसवायला नको, काडतूस स्वस्त. तोटाही त्यातच : कड चेमटायला हवी तर पितळ पातळ हवं, आणि पातळ पितळ फार दाब सहन करत नाही. शिवाय एकदा चेमटलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही.

तरीही सुरुवातीला मोठ्या मापात हाच प्रयोग झाला, आणि रायफल-रिव्हॉल्व्हर जोडीचा खरा पहिला मोठा अध्याय तिथलाच आहे. बेंजामिन टायलर हेन्रीनं 1860 साली लिव्हरनं चालणारी, पोटात 16 काडतुसं मावणारी रायफल काढली. तिचं काडतूस .44 हेन्री, तेही रिमफायर. मालक ऑलिव्हर विंचेस्टर. त्याच काडतुसावर पुढे 1866 ची पितळी रंगाच्या पोटाची विंचेस्टर आली. ऑटोमन तुर्कांनी 1870-71 मध्ये या रायफली सुमारे 50,000 च्या घरात विकत घेतल्या. मग प्रश्न पडला, घोडदळाला रिव्हॉल्व्हर कुठलं द्यायचं? तुर्कांनी स्मिथ अँड वेसनकडे मॉडेल थ्री मागितलं, पण अट घातली : आमच्या विंचेस्टरचंच .44 हेन्री रिमफायर काडतूस चाललं पाहिजे. कंपनीनं तसं बनवून दिलं.

त्याच सुमारास स्प्रिंगफील्डच्या त्याच कारखान्यातून रशियालाही मॉडेल थ्री जात होतं, .44 रशियन या वेगळ्या, मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसाचं. 1877 मध्ये रशिया आणि तुर्कस्तान एकमेकांवर चालून गेले. प्लेव्हनाच्या वेढ्यात, जुलै ते डिसेंबर, तुर्की शिपाई लांबच्या माऱ्याला एकेक गोळी भरायची पीबडी-मार्टिनी रायफल वापरत आणि शत्रू जवळ आला की शेजारी ठेवलेली विंचेस्टर उचलत. दोन्ही सैन्यांच्या कमरेला मॅसॅच्युसेट्समधल्या एकाच कंपनीची रिव्हॉल्व्हरं. धंदा तो धंदा.

पण मोठ्या रिमफायरचे दिवस भरले होते. 1873 च्या विंचेस्टरबरोबर .44-40 हे मध्यभागी टोपी असलेलं काडतूस आलं. जाड बूड, जास्त दारू, आणि रिकामं काडतूस घरी पुन्हा भरता येण्याची सोय. 1878 मध्ये कोल्टनं याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर ‘फ्रंटियर सिक्स-शूटर’ या नावानं विकायला घेतलं, आणि कमरेच्या पट्ट्यातली काडतुसं दोन्ही शस्त्रांत चालणारा घोडेस्वार हे चित्र पक्कं झालं. पडद्यावरच्या काऊबॉयनं ते जगभर नेलं. .44 हेन्रीचं रिव्हॉल्व्हर कोल्टनंही केलं होतं, जेमतेम 1,800 च्या आसपास नग. आज ते संग्राहकांच्या कपाटात आहेत. दाबाची अडचण जिथं आडवी येत नव्हती त्या छोट्या मापातच रिमफायर तगला.

विंचेस्टरनं 1884 मध्ये 1873 च्याच रायफलीला .22 ची नळी बसवली. .22 शॉर्ट आणि .22 लाँगसाठी (शॉर्टचंच लांब नळकांड्याचं भावंड) केलेली ही रायफल 20 वर्षांत 19,000 च्या आसपासच खपली. मोठ्या बैलगाडीला शेळी जुंपावी तसं ते प्रकरण होतं. 1890 ची जॉन ब्राऊनिंगची पंपाची रायफल मात्र तुफान चालली, साडेआठ लाखांच्या घरात बनली. जत्रांतल्या निशाणाच्या दुकानांत तीच दिसायची. आपल्या जत्रेत छर्र्याच्या बंदुकीनं फुगे फोडतात, तिकडे लोक .22 शॉर्टनं पत्र्याची बदकं पाडत. पण 1890 च्या रायफलीची एक खोड होती : शॉर्टची घेतली तर शॉर्टच, लाँगची घेतली तर लाँगच.

दरम्यान 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीनं .22 लाँगचं नळकांडं घेतलं, त्यावर 40 ग्रेनची जड गोळी बसवली आणि लाँग रायफल हे नाव दिलं. चार वर्षांनी मार्लिननं लिव्हरची जी 1891 ची रायफल काढली तिच्यात शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसं चालायची. ॲनी ओकली ही प्रसिद्ध नेमबाज मार्लिन वापरत असे. मला विचाराल तर जोडी जमवण्याच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची रायफल हीच. कारण रिव्हॉल्व्हरला आखूड काडतुसाचं काही वावडं नसतं. लाँग रायफलच्या सिलिंडरमध्ये शॉर्टही निमूट बसतं. तेवढाच सोशिकपणा रायफलनं दाखवला तर जोडी खरी. या रायफलीची वंशावळ 1897, मग मॉडेल 39, आणि 1939 मध्ये मॉडेल 39-ए अशी चालत आली.

काडतूसही बदलत होतं. जुन्या मसाल्यामुळे नळीला गंज चढायचा. 1926-27 च्या सुमारास रेमिंग्टननं गंज न धरणारा मसाला आणला आणि 1930 पासून वेगवान काडतुसं आली. त्यांचा दाब वाढल्यावर तीच जुनी पातळ कड त्रास देऊ लागली. रायफलमध्ये काडतुसाचं बूड बोल्टच्या पोलादानं नीट झाकलेलं असतं. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर मात्र कड उघडी राहायची आणि कधी फुटली तर पितळेचे कण मागे उडायचे. म्हणून स्मिथ अँड वेसननं 1935 पासून सिलिंडरला अशी खाच दिली की कड आत बुडून बसेल. जुनं रिव्हॉल्व्हर हातात आलं तर अनुभवी माणूस आधी सिलिंडरची पाठ बघतो, ते यासाठी. जोडीच्या रायफलीला मानवणारं तडाखेबंद काडतूस आजोबांच्या रिव्हॉल्व्हरला मानवेलच असं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कोल्टनं जुन्या घाटाचं सिंगल ॲक्शन (दर गोळीला अंगठ्यानं घोडा ओढायचं) रिव्हॉल्व्हर बंद केलं, आणि नेमका त्यानंतर टीव्हीवर काऊबॉयचा पूर आला. बिल रुगर यानं ही फट हेरली. 1953 मध्ये त्याचं सिंगल-सिक्स आलं : दिसायला जुनं कोल्ट, मापानं .22, आत पात्यांच्या स्प्रिंगऐवजी न तुटणाऱ्या वेटोळ्या स्प्रिंगा. कोल्टनं 1957 मध्ये फ्रंटियर स्काउट काढून उत्तर दिलं. मग या रिव्हॉल्व्हरांना शोभेल अशी लिव्हरची .22 रायफल हवीशी वाटणं ओघानंच आलं. जुन्या सिंगल-सिक्समध्ये एक धोका मात्र कोल्टकडून वारशानं आला होता. घोडा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर खाली पडलं तर बार उडू शके, म्हणून सहाऐवजी पाचच भरायची रीत. 1973 मध्ये रुगरनं रचना बदलून तो धोका काढला.

जोडीचं गणित सगळ्यात जास्त बिघडवलं ते 1959 मधल्या .22 विंचेस्टर मॅग्नमनं. गंमत म्हणजे काडतूस विंचेस्टरचं, पण त्याची शस्त्रं आधी बाजारात आणली रुगर, स्मिथ अँड वेसन आणि सॅव्हेजनं. विंचेस्टरची स्वतःची रायफल नंतर आली. मॅग्नमचं नळकांडं 1890 च्या .22 डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर) काडतुसाचं लांबवलेलं रूप, म्हणजे लाँग रायफलपेक्षा जाड. लाँग रायफलची गोळी नळकांड्याच्याच जाडीची असते आणि तिची बारीक केलेली टाच आत खोचतात. मॅग्नमची गोळी नळकांड्याच्या आत बसते. त्यामुळे मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, लाँग रायफल सैल बसतं, उडवलं तर फुगतं किंवा फाटतं. उलट बाजूनं मॅग्नम लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शिरतच नाही. रिव्हॉल्व्हरनं यावर तोड काढली : एकाच शस्त्राला दोन सिलिंडर, हवं ते बसवा. नळी एकच, तिचं माप थोडं मॅग्नमच्या बाजूला झुकलेलं, म्हणून लाँग रायफलच्या नेमकेपणावर किंचित पाणी सोडायचं. रायफलला अशी सोय नाही, कारण तिचं चेंबर नळीतच कोरलेलं असतं. दोन सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरला पूर्ण जोड द्यायची तर रायफली दोन घ्याव्या लागतात, हे दुकानदार शेवटी सांगतो.

मॅग्नम रायफलीतून 40 ग्रेनची गोळी सेकंदाला 1,900 फुटांच्या आसपास जाते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून तीच पाचशेक फूट मागे पडते, आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. लाँग रायफलची घसरण त्याहून कमी. दारूच इतकी थोडी की 16 इंचांच्या नळीत तिचं बहुतेक काम उरकतं. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून थोडा वायू रिव्हॉल्व्हर गमावतंच. एकाच काडतुसाची जोडी हवी असेल तर लाँग रायफलला चिकटून राहावं, असं माझं सरळ मत आहे.

1964 ची रुगर 10/22 सेमी-ऑटोमॅटिक, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझीन पोटात लपवणारी. सिंगल-सिक्सच्याच घरातली म्हणून लोक सहज तिची जोडी लावतात. मात्र ती लाँग रायफलच खाते. लिव्हरच्या बाजूला आज हेन्री नावाची कंपनी आहे. 1990 च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली, नाव तेवढं जुन्या हेन्रीचं, नातं काही नाही. तिची साधी .22 रायफल तिन्ही काडतुसं घेते. आणि 2020 मध्ये मार्लिन दिवाळखोरीतल्या रेमिंग्टनकडून विकत घेतली ती रुगरनंच.

आपल्याकडे या चर्चेला वेगळंच कुंपण आहे. शस्त्र कायदाही 1959 चाच, मॅग्नमच्या जन्मसालाचा. 2019 च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली, म्हणजे एक रिव्हॉल्व्हर आणि एक रायफल घेतली की खातं भरलं. दोन सिलिंडरसाठी दोन रायफलींचा विचार इथंच संपतो. नेमबाज खेळाडूंचे नियम निराळे. जोडी जमवायचीच तर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याकडे वळता येतं. तिथं .22 ची बोल्टची स्पोर्टिंग रायफल बनते, आणि ‘निडर’ नावाचं .22 चं हलकं रिव्हॉल्व्हरही तिथलंच.