पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज (बुरशीजन्य)

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनची साखळी तोडणारे एंझाइम. एंझाइमांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील त्याचा क्रमांक ३.२.१.१५ आहे. जिवाणूंमध्ये आणि खुद्द वनस्पतींमध्येही ते आढळते. फळ पिकताना मऊ पडते त्यात वनस्पतीच्या स्वतःच्या पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजचा हात असतो. मात्र सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो बुरशींच्या, विशेषतः ॲस्परजिलस नायगर या काळ्या बुरशीच्या, एंझाइमांचा.

पेक्टिनचा मोठा भाग म्हणजे गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल या शर्करेपासून बनलेल्या आम्लाच्या रेणूंची सरळ साखळी. त्यातल्या अनेक आम्लगटांवर मेथिल गट चढलेले असतात, काही मोकळे राहतात. मोकळ्या गटांवर ऋण विद्युतभार असतो. शेजारशेजारच्या दोन साखळ्यांचे असे मोकळे पट्टे कॅल्शियमच्या आयनांनी एकमेकांशी जखडले जातात आणि जेल तयार होते. दोन पेशींमधील मध्यपटलात हे जेल भरपूर असते. ते विरघळले की पेशी सुट्या होतात आणि ऊतक लिबलिबीत होते. सडक्या फळाचा बोटाला जाणवणारा मऊपणा बव्हंशी यातूनच येतो.

हे एंझाइम मोठे चोखंदळ आहे, आणि त्याचे सगळे वर्तन समजून घेण्याची किल्ली या चोखंदळपणातच आहे. त्याला मेथिल गट नसलेला पट्टा लागतो. म्हणून बुरशी त्याच्या जोडीला पेक्टिन मेथिलएस्टरेज सोडते. ते मेथिल गट काढून साखळी उघडी करते, आणि त्यात मेथेनॉल बाहेर पडते. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजचे काम त्यानंतर.

ॲस्परजिलस नायगरच्या ‘एंडोपॉलिगॅलॅक्ट्युरोनेज २’ या प्रकाराची त्रिमितीय रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रथिनाची साखळी काठीभोवती गुंडाळलेल्या सुतळीसारखी दहा वेढे घेते. या वेढ्यांच्या एका अंगाला लांबट खाच असून तीत पेक्टिनची साखळी बसते. खाचेच्या तळाशी १८०, २०१ आणि २०२ या क्रमांकांची तीन ॲस्पर्टिक आम्ले (प्रथिनाच्या साखळीतील अमिनो आम्ले) आहेत. त्यांतले २०१ क्रमांकाचे आम्ल दोन शर्करांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला प्रोटॉन देते, तर उरलेली दोन पाण्याचा एक रेणू हल्ल्यासाठी सज्ज करतात. बंध तुटतो आणि तुटलेल्या टोकाची मांडणी उलटते, म्हणजे अल्फा या अवकाशीय मांडणीची बीटा होते.

‘एंडो’ प्रकारचे एंझाइम साखळी टोकाकडून कुरतडत नाही, मध्येच कुठेही तोडते. त्यामुळे शंभरांतले मोजके बंध तुटले तरी द्रावणाचा दाटपणा झपाट्याने उतरतो. एक्सो प्रकार टोकापासून कापत जातात, तेव्हा तितकेच बंध तुटूनही दाटपणा फारसा हलत नाही.

बुरशीला यातून अन्न मिळते: सुटलेले गॅलॅक्ट्युरोनिक आम्ल ती शोषून घेते. ग्लुकोज मुबलक असेल तर मात्र या एंझाइमांची जनुके दबलेली राहतात. राखाडी बुरशीच्या (बोट्रायटिस सिनेरिया) एका पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजचे जनुक काढून टाकल्यावर तिची रोग पसरवण्याची ताकद घटल्याचे दिसले आहे. वनस्पतीही गप्प बसत नाही. तिच्या पेशीभित्तिकेत या एंझाइमाला अडवणारी प्रथिने असतात. एंझाइमाचा वेग मंदावला की साखळीचे साधारण दहा ते पंधरा एककांचे तुकडे अधिक काळ टिकतात, आणि नेमके हेच तुकडे वनस्पतीची संरक्षणयंत्रणा जागी करतात. तुकडे आणखी बारीक झाले की हा इशारा विझतो. लढतीचा निकाल तुकड्यांच्या लांबीवर फिरावा, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणायला हवी.

फळांचा रस नितळ करण्यासाठी बुरशीजन्य पेक्टिनेजांचा (पेक्टिन तोडणाऱ्या अशा एंझाइमांचा) वापर १९३०च्या दशकापासून होत आहे. गढूळ रसातील कणांचा गाभा धनभारित प्रथिनांचा आणि वरचे आवरण ऋणभारित पेक्टिनचे असते, म्हणून कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. आवरण कुठेकुठे फाटले की एकाचा उघडा गाभा दुसऱ्याच्या आवरणाला चिकटतो, गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. काम पुरे झाले का, हे पाहण्यासाठी थोड्या रसात आम्लयुक्त अल्कोहोल मिसळतात. पेक्टिन उरले असेल तर काही मिनिटांत जेलीसारखे पुंजके दिसतात. सफरचंदाच्या पेक्टिनवर मेथिल गट दाट असतात, त्यामुळे तिथे नुसत्या पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजने भागत नाही. मेथिलएस्टरेजची जोड द्यावी लागते, किंवा मेथिलयुक्त साखळी थेट तोडणारे पेक्टिन लायेज वापरावे लागते.